मिशन म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका दिवसाच्या बातम्या नुसत्या चाळल्या तरी मंगळाकडे निघालेलं यान हे मिशन, राजदूताला परत बोलावलं ते मिशनमधून, सरकारने जाहीर केलं तेही मिशन, आणि कुठल्याशा कंपनीच्या वेबसाइटवर भल्यामोठ्या अक्षरात 'आमचं मिशन'. मग साहजिकच लोक विचारतात की हा एकच शब्द आहे का चार वेगळे. क्रमाने वाचलं नाही तरी चालेल, फक्त पहिलं उत्तर आधी वाचा, बाकीची त्याच्यावरच उभी आहेत.

हा शब्द मुळात आला कुठून?

लॅटिनमधून. मित्तेरे म्हणजे पाठवणं किंवा सोडणं, त्यावरून झालं मिस्सिओ. गंमत म्हणजे रोमन सैन्यात मिस्सिओ म्हणजे कामगिरीवर धाडणं नव्हे, उलट सैनिकाला नोकरीतून मोकळं करणं, आणि ज्याने नीट सेवा केली त्याची सुटका म्हणजे ओनेस्ता मिस्सिओ, सन्मानाने निवृत्ती. हरलेल्या ग्लॅडिएटरला जिवंत सोडलं तर तेही मिस्सिओच. म्हणजे आपण ज्याला आता 'मिशनवर जाणं' म्हणतो त्याच्या बरोबर उलटं, घरी जाणं!

पण 'सोडणं' आणि 'पाठवणं' हे दोन्ही धरून ठेवा, कारण आजचा कुठलाही अर्थ घेतला तरी त्यात तीन गोष्टी विचारता येतात: पाठवलं कोणी, कशासाठी, आणि संपलं कधी म्हणायचं. अर्थ बदलतो तो याच तिन्हींची उत्तरं बदलल्यामुळे.

मग कमिशन, परमिशन, मिसाइल हे सगळे त्याचेच भाऊबंद का?

हो. मिसाइल म्हणजे फेकायची वस्तू, ट्रान्समिशन म्हणजे पलीकडे पाठवणं, परमिशन म्हणजे जाऊ देणं, ॲडमिशन म्हणजे आत सोडणं, कमिटी म्हणजे जिच्याकडे काम सोपवलं ती, आणि प्रॉमिससुद्धा त्याच घरातलं. कमिशन म्हणजे सोपवलेलं काम, त्यातूनच ते काम करणारा आयोगही झाला आणि ते काम केल्याबद्दल मिळणारी दलालीही झाली, मराठीत आपण दोन्हीला बिनधास्त कमिशनच म्हणतो.

सायमन कमिशन पण क्रिप्स मिशन, असं का?

परीक्षेला बसणाऱ्यांचा हा आवडता गोंधळ. सायमन कमिशन १९२७ साली नेमलं गेलं, १९२८ मध्ये भारतात आलं, त्याचं काम होतं १९१९ च्या भारत सरकार कायद्याखालचा कारभार कसा चाललाय ते तपासायचं आणि अहवाल द्यायचा. त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं, फक्त विचारायला होतं (आणि एकही भारतीय सदस्य नव्हता, म्हणून 'सायमन परत जा'). ब्रिटिश मंत्री क्रिप्स मार्च १९४२ मध्ये आले ते ब्रिटिश मंत्रिमंडळाचा मसुदा खिशात घेऊन, नेत्यांशी बोलून होकार मिळवायला. १९४६ चं कॅबिनेट मिशनही तसंच, पेथिक-लॉरेन्स, क्रिप्स आणि अलेक्झांडर हे तीन मंत्री स्वतः आले, म्हणून आपल्या पुस्तकांत त्याला त्रिमंत्री योजना म्हणतात.

तर ढोबळमानाने, कमिशन चौकशी करून अहवाल देतं आणि मिशन बोलणी करून काहीतरी घडवून आणायला जातं. हा काही कायद्यातला नियम नाही, अपवाद सापडतील, पण या तिघांना तरी फिट्ट बसतो.

मिशन म्हटलं की धर्मप्रसारच का आठवतो?

कारण बराच काळ तोच अर्थ सगळ्यात ठळक होता. मात्र त्याच्याही आधी ख्रिस्ती धर्मशास्त्रात हा शब्द माणसांसाठी नव्हताच, देवपित्याने पुत्राला जगात पाठवलं, पवित्र आत्म्याला पाठवलं, त्या पाठवण्याला मिस्सिओ म्हणायचे. सोळाव्या शतकात जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाने, तो आपल्या कामाला लावला. या संघाला पोपने १५४० साली मान्यता दिली, आणि त्यांची एक जास्तीची शपथ असायची, की पोप ज्या कामगिरीवर जिथे पाठवेल तिथे जायचं, कुरकुर नाही. लगेच १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरलेसुद्धा. १६२२ मध्ये रोमने या सगळ्या पसाऱ्यासाठी एक खातंच उघडलं, त्याच्या लॅटिन नावात 'प्रोपागांदा' होतं म्हणजे 'प्रसार करायचा असलेला (धर्म)', आणि आज आपण शिवीसारखा वापरतो तो प्रोपगंडा हा शब्द तिथूनच निघाला. प्रोटेस्टंट मंडळी संघटितपणे जरा उशिरा उतरली, इंग्लंडातली बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी १७९२ ची.

इथे मराठीला एक गोष्ट आयती मिळालीये. बायबलमधल्या अपॉसलला मराठीत प्रेषित म्हणतात, प्रेषित म्हणजे पाठवलेला, आणि ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. त्यामुळे 'मिशन' परका वाटला तरी त्याच्या मागची कल्पना आपल्याकडे शब्दासकट आहे.

मिशन शाळा, मिशन हॉस्पिटल यातलं मिशन म्हणजे कोण?

संस्था. पाठवलं गेलेलं काम, मग ते काम करणारी माणसं, मग त्यांची संस्था, मग तिची शाळा आणि दवाखाना असा अर्थ सरकत गेला. काही ठिकाणी तर निवाऱ्यालाच मिशन म्हणतात, न्यूयॉर्कमधलं बाउरी मिशन १८७९ पासून बेघरांना जेवण आणि आसरा देतंय.

रामकृष्ण मिशन तर ख्रिस्ती नाही, मग नावात मिशन कसं?

तोपर्यंत मिशन या शब्दाला 'संघटित सेवाकार्य' असा अर्थ येऊन चिकटला होता, आणि लोकांनी धर्म बाजूला ठेवून तेवढा अर्थ उचलला. विवेकानंदांनी रामकृष्ण मिशन १ मे १८९७ ला स्थापन केलं, दुष्काळ, रोगराई, शिक्षण यात काम करणारी संस्था म्हणून. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये मुंबईत काढलेली डिप्रेस्ड क्लासेस मिशन ही अस्पृश्यतेविरुद्ध आणि दलितांच्या शिक्षणासाठी झटणारी संस्था, तिचं मराठी नाव भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी. मला हे नाव बघून नेहमी वाटतं की शिंद्यांनी मराठीत मिशनचं भाषांतर करायच्या भानगडीत न पडता सरळ काम काय आहे ते सांगून टाकलं.

'मिशनरी वृत्तीने काम करतो' हे आपण आज कोणाबद्दलही म्हणतो, त्यात धर्माचा संबंध नसतो, झोकून देणं एवढंच.

मिशन नावाच्या इमारती पण असतात म्हणे?

असतात, आणि त्यातल्या कित्येक आता पर्यटनस्थळं आहेत. स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी कॅलिफोर्नियात १७६९ ते १८२३ या काळात २१ मिशनं उभारली, पहिलं सान दिएगोला, सुरुवातीचे प्रमुख हुनिपेरो सेरा. मिशन म्हणजे नुसतं चर्च नाही, भिंतींच्या आत शेती, गुरं, कारखाने, राहायच्या खोल्या असं अख्खं गावच. तिथल्या मूळ रहिवाशांना बाप्तिस्मा देऊन आत ठेवायचे, एकदा आत आलं की मनाला येईल तेव्हा निघून जाता यायचं नाही, पळालेल्यांना सैनिक धरून आणायचे, आणि युरोपातून आलेल्या रोगांनी माणसं भराभर मेली. म्हणून २०१५ मध्ये सेरांना संतपद मिळालं तेव्हा मूळ रहिवाशांच्या वंशजांनी विरोध केला, त्यात नवल नाही. मेक्सिकोच्या सरकारने १८३० च्या दशकात ही मिशनं चर्चकडून काढून घेतली.

टेक्सासमधलं अलामो, १८३६ च्या लढाईमुळे प्रसिद्ध झालेलं, तेही मुळात एक मिशनच, आणि सान अँटोनियोची मिशनं २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. सान फ्रान्सिस्कोतला मिशन नावाचा मोहल्ला जुन्या मिशनवरूनच. 'मिशन स्टाइल' फर्निचर म्हणतात ते साधं, जाड लाकडाचं, सरळ रेषांचं, १९०० च्या आसपासची फॅशन, नाव याच इमारतींवरून पण पाद्र्यांनी ते बनवलं असं काही नाही.

डिप्लोमॅटिक मिशन आणि दूतावास एकच ना?

प्रत्येक दूतावास मिशन असतो, पण प्रत्येक मिशन दूतावास नसतं. एका देशाने दुसऱ्या देशात कायमचं पाठवलेलं पथक म्हणजे मिशन, इमारत नंतर. १८ एप्रिल १९६१ च्या व्हिएन्ना करारात याचे सगळे नियम आहेत आणि मिशनची कामंही सांगितलीयत: आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करणं, आपल्या नागरिकांचं हित सांभाळणं, बोलणी करणं, तिथे काय चाललंय ते कायदेशीर मार्गाने समजून घेऊन घरी कळवणं, संबंध वाढवणं. यातलं 'कायदेशीर मार्गाने' फार महत्त्वाचं, तो शब्द नसता तर हेरगिरीलाही दारच उघडं होतं (तरी चालतेच ती, तो भाग वेगळा).

राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे दूतावासाऐवजी उच्चायुक्तालय ठेवतात, म्हणून लंडनमध्ये भारताचं हाय कमिशन आहे आणि वॉशिंग्टनमध्ये एम्बसी. काम तेच. संयुक्त राष्ट्रांकडे जे पथक असतं त्याला परमनंट मिशन म्हणतात, कारण तिथे दुसरा देश नाही, संघटना आहे. वकिलात म्हणजे कॉन्सुलेटचे नियम वेगळ्या करारात आहेत, १९६३ च्या. व्हिसा, पासपोर्ट, अडचणीत सापडलेला नागरिक ही तिथली रोजची कामं. मराठी पेपरांत मात्र दूतावास आणि वकिलात सर्रास एकाच अर्थाने छापतात.

दूतावासाची जमीन म्हणजे परक्या देशाची जमीन, हे खरं का?

नाही. जमीन यजमान देशाचीच राहते, फक्त मिशनच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाचे पोलीस आत पाय टाकू शकत नाहीत. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज २०१२ मध्ये लंडनच्या इक्वेडोर दूतावासात शिरले आणि जवळपास सात वर्षं तिथेच राहिले, पोलीस बाहेर उभे, अखेर एप्रिल २०१९ मध्ये इक्वेडोरनेच आसरा काढून घेतला आणि पोलिसांना आत बोलावलं तेव्हा अटक झाली. यजमान देशाच्या हातात हुकमाचा पत्ता एकच, एखाद्या मुत्सद्द्याला 'पर्सोना नॉन ग्राटा' म्हणजे नकोसा जाहीर करणं, आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. मग पाठवणाऱ्याने त्याला परत बोलवायचं.

यूएनचं शांतता मिशन कोण पाठवतं?

साधारणपणे सुरक्षा परिषद ठराव करते, त्या ठरावाने सोपवलेल्या कामाला मँडेट म्हणतात, आणि सैनिक मात्र सदस्य देश देतात कारण यूएनची स्वतःची फौज नाही. पहिलं मिशन १९४८ सालचं, अरब-इस्रायल युद्धातल्या युद्धबंदीवर नजर ठेवायला, आणि ते अजून चालू आहे! भारत-पाक युद्धबंदीवरचं निरीक्षक पथकही १९४९ पासून आहे, सायप्रसमधलं मिशन १९६४ पासून. पाठवणारा आणि कारण दोन्ही पक्कं, फक्त परत कधी यायचं ते कोणाला ठरवता येत नाही.

मिशन क्रीप हा शब्द ऐकला, तो काय प्रकार?

जायचं एका कामाला आणि हळूहळू दुसरंच अंगावर घ्यायचं. १९९३ मध्ये सोमालियाच्या निमित्ताने हा शब्द रूढ झाला. आधी उपाशी लोकांपर्यंत धान्य पोचवायचं होतं, मग टोळ्यांना निःशस्त्र करायचं ठरलं, मग त्यांच्या एका म्होरक्याला पकडायचं, आणि शेवटी ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या रस्त्यांवर लढाई होऊन १८ अमेरिकन सैनिक मेले, सोमाली किती मेले त्याची नीट मोजदादही नाही. आता ऑफिसातही वापरतात, प्रोजेक्ट फुगत गेला की.

लष्करातलाच आणखी एक प्रश्न येतो, मिशन आणि सॉर्टीत फरक काय. एका विमानाचं एक उड्डाण म्हणजे सॉर्टी, आणि एका मिशनमध्ये अशा कितीही सॉर्टी असू शकतात.

अंतराळात यान आणि मिशन यात फरक आहे का?

आहे, आणि तो कळला की निम्म्या बातम्या सोप्या होतात. यान ही वस्तू, मिशन म्हणजे अख्खी कामगिरी, त्यात रॉकेट, यान, उपकरणं, जमिनीवरचे अँटेना, कंट्रोल रूममधली माणसं आणि ठरवलेला कालावधी सगळं आलं. आपण मंगळयान म्हणतो त्याचं अधिकृत नाव मार्स ऑर्बिटर मिशन. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं, आखणी होती सहा महिन्यांची आणि संपर्क तुटला २०२२ मध्ये.

हा 'मिशन लाइफ' प्रकार नीट समजून घ्या, म्हणजे यान तेवढंच टिकणार असं नसतं, तेवढ्या काळात ठरलेलं काम पूर्ण झालं पाहिजे असा तो हिशोब असतो आणि त्यावर पैसे आणि माणसं मंजूर होतात. पुढे यान चालू राहिलं तर मुदतवाढ मागायची, तिला एक्स्टेंडेड मिशन म्हणतात. नासाची ऑपॉर्च्युनिटी बग्गी २००४ मध्ये मंगळावर उतरली ती ९० मंगळदिवसांसाठी, आणि २०१८ च्या धुळीच्या वादळापर्यंत चालत राहिली. व्हॉयेजर याने १९७७ ला निघाली, मोठे ग्रह बघून झाले, मग त्याच यानांच्या कामगिरीचं नाव बदलून इंटरस्टेलर मिशन केलं. वस्तू तीच, मिशन नवं. चंद्रयान-३ चं उलटं, २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, लँडर आणि रोव्हरचं आयुष्य एका चांद्रदिवसाचं म्हणजे आपल्या साधारण १४ दिवसांचं धरलं होतं, तेवढ्यात काम आटोपलं, आणि रात्रीच्या थंडीनंतर ते उठले नाहीत तरी कोणी त्याला अपयश म्हटलं नाही.

यान वाचलं नाही म्हणजे मिशन फेल का?

कशासाठी पाठवलं होतं ते बघा. अपोलो १३ एप्रिल १९७० मध्ये चंद्रावर उतरायला निघालं, वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटली, उतरणं रद्द झालं आणि तिघांना जिवंत परत आणणं एवढंच काम उरलं. म्हणजे मिशन वाटेतच बदललं, पहिलं फसलं, दुसरं जमलं. चंद्रयान-२ चा लँडर २०१९ मध्ये आदळला पण ऑर्बिटर कक्षेत काम करत राहिला, तेव्हा 'फेल' असं सरसकट छापणाऱ्यांनी जरा घाईच केली.

सरकारी योजना असते आणि सरकारी मिशन असतं, नाव सोडून फरक काय?

असायला हवा तो असा, की योजना चालत राहते आणि मिशनला ठरलेलं उद्दिष्ट, ठरलेली तारीख आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा असते. भारतात ही पद्धत १९८० च्या दशकातल्या टेक्नॉलॉजी मिशन्सपासून रुळली, तेलबियांचं १९८६ चं, राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ चं. स्वच्छ भारत मिशन २ ऑक्टोबर २०१४ ला सुरू झालं, तारीख होती २ ऑक्टोबर २०१९, पुढे त्याचा दुसरा टप्पा आला. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, लक्ष्य २०२४, नंतर मुदत २०२८ पर्यंत वाढवली. युरोपियन युनियननेही २०२१ पासून कॅन्सर, शहरं, माती, समुद्र आणि हवामानबदलाला तोंड देणं अशी पाच मिशनं घेतलीयत, बहुतेक लक्ष्यं २०३० ची.

मुदतवाढ मिळणं वाईट असंच नाही, पण दर वेळी मुदत वाढत असेल तर ती योजनाच झाली ना. 'मिशन मोडवर काम करा' असं परिपत्रकात आलं की बहुतेकदा अर्थ एवढाच असतो, लवकर करा.

कंपनीचं मिशन आणि व्हिजन, दोन्ही वेगवेगळं का लिहितात?

व्हिजन म्हणजे जग कसं दिसावं, मिशन म्हणजे त्यासाठी आपण रोज काय करणार. पुस्तकी फरक हा, प्रत्यक्षात अर्ध्या कंपन्यांनी दोन्ही अदलाबदल करून लावली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. चांगलं उदाहरण गूगलचं, जगातली माहिती नीट लावणं आणि ती सगळ्यांना मिळेल, उपयोगी पडेल अशी करणं. यातून निदान हे तरी कळतं की ही कंपनी काय करते. 'उत्कृष्टतेच्या ध्यासातून मूल्यनिर्मिती' छापाची वाक्यं घ्या आणि ती बँकेच्या, बिस्किटाच्या किंवा बूट बनवणाऱ्याच्या साइटवर चिकटवा, तिन्हीकडे चालतील. माझ्या मते अडचण भाषेची नाहीच, पाठवणाऱ्याची आहे. दूताला देश पाठवतो, शांतिसैनिकाला सुरक्षा परिषद, आणि कंपनीला? ती स्वतःच स्वतःला पाठवते, काम झालं की नाही तेही स्वतःच ठरवते आणि संपायची तारीख कुठेच नसते. म्हणून वाक्य इतकं गुळगुळीत करता येतं.

'माझं आयुष्याचं मिशन' हे बरोबर आहे का?

वापरतात, चालतं. तिथे पाठवणारा देव, नशीब किंवा आपलंच मन, ज्याचं त्याने बघावं. ध्येय हा शब्द तिथे जास्त चांगला बसतो.

गेममधलं मिशन?

एक काम देतात, ते केलं की पुढचं उघडतं. लेव्हल म्हणजे जागा किंवा टप्पा, मिशन म्हणजे तिथलं काम. साइड मिशन नाही केलं तरी मुख्य गोष्ट पुढे जाते.

मिशन-क्रिटिकल म्हणजे?

जे बंद पडलं तर अख्खं कामच थांबेल असं. विमानतळाची रडार यंत्रणा मिशन-क्रिटिकल, तिथल्या कॅन्टीनची मेनूची स्क्रीन नाही.

मराठीत मिशनला एकच चांगला शब्द का नाही?

कारण गरज नाही. अंतराळ आणि लष्करासाठी मोहीम, सरकारी कामाला अभियान, बोलणी करायला गेलेल्यांना शिष्टमंडळ, परदेशातल्या कायमच्या पथकाला दूतावास, एकट्याला दिलेल्या कामाला कामगिरी, आयुष्याचं असेल तर ध्येय. संदर्भ बघून यातला घ्या, आणि संस्थेचं नाव असेल तर मिशन तसंच ठेवा, रामकृष्ण मोहीम कोणी म्हणत नाही. सगळीकडे 'अभियान' ठोकून देणं हा मात्र आळस आहे, 'राजनैतिक अभियान' वाचलं की वाटतं मुत्सद्दी झाडू घेऊन निघालेत.

ते मिशन की ती मिशन? आणि अनेकवचन?

ते मिशन. संस्थेच्या नावात मात्र कधीकधी 'ती मिशन' असंही सापडतं, तिथे मनात 'संस्था' असते म्हणून. अनेकवचन मिशनं किंवा मिशन्स, दोन्ही चालतात. मोहीम स्त्रीलिंगी आहे, अभियान नपुंसकलिंगी, त्यामुळे एका शब्दाच्या जागी दुसरा टाकलात तर वाक्यातलं क्रियापदही तपासून घ्या.